दिवाळीनंतर गावात राहिलेली लेकरं: शाळा सुटल्यावरचा वर्ग कसा चालवावा?

बालाघाटी

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात धारूर-वडवणीकडच्या डोंगरपट्ट्यात आमचं गाव. दसरा झाला की मुकादमांच्या (मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्यांच्या) गाड्या लागतात आणि दिवाळी सरता सरता निम्मं गाव ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातं. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी पार बेळगावकडं. परत येणार पाडव्याच्या आगेमागे. मागं राहतात म्हातारी माणसं, दारची ढोरं आणि शाळेसाठी म्हणून आईबापांनी ठेवलेली लेकरं.

शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. नाव वसतिगृह, पण लेकरं झोपतात आजीकडंच, जेवण तेवढं शाळेवर. मंजुरी वेळेवर आली तर बरं, नाहीतर टोळ्या जाऊन महिना होतो तरी चूल पेटत नाही.

शाळा पाचला सुटते. आजी रानातून यायला दिवेलागण. मधल्या वेळात लहानी रस्त्यावर, आठवी-नववीची पोरं टपरीमागं मोबाइलवर रमी लावून, आणि सहावी-सातवीच्या पोरी चुलीपुढं. आम्ही पाच-सात जणांनी (भरतीची वाट बघणारे दोन डीएड, एक आशाताई, बाकी माझ्यासारखे दुकानदार) ठरवलंय की समाजमंदिरात रोज साडेपाच ते साडेसात वर्ग घ्यायचा. पन्नासेक लेकरं होतील.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. वर्ग घेणाऱ्या ताईला पगार द्यायचा. सेवा म्हणून सुरू झालेले वर्ग मी आसपासच्या गावांत बघितलेत. संक्रांतीपर्यंत जोर असतो, मग हरभरा काढणीला येतो, कुणाची परीक्षा येते, कुणाचं लग्न निघतं, आणि कुलूप लागतं. गावातलीच बारावी-पदवी झालेली सून किंवा लेक बघायची, महिना ५००० तरी द्यायचे. बाकी फळा, पुस्तकं, रंगरंगोटी हे सगळं नंतर.

आता विचारायचंय ते असं. नेमकं शिकवायचं काय? खाऊ द्यावा का? मुली कशा टिकवायच्या? आणि हंगाम संपेपर्यंत ताईचा पगार आणायचा कुठून?

लातूरकर७

हे सगळं शाळेचं काम आहे. गुरुजींना पगार कशाचा मिळतो मग? तुम्ही वर्ग काढला की ते आणखी निवांत. आमच्याकडं आधीच सगळं जग ट्यूशनवर चाललंय, आता खेड्यातही तेच सुरू करा.

निवृत्त_गुरुजी

लातूरकर, मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेत आयुष्य काढलं, म्हणून बोलतो. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं दोन शिक्षक. वर्ग चार किंवा पाच. एक जण तिसरी-चौथीला गणित घालतो तोवर दुसऱ्याच्या पुढं पहिली-दुसरी. त्यातला एक प्रशिक्षणाला गेला की सगळी शाळा एकाच्या गळ्यात. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नये असं त्याच कायद्याचं २७ वं कलम म्हणतं. आता बीएलओ (मतदार यादीचा केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून यादी घेऊन दारोदार फिरणं निवडणुकीत बसतंच, आणि रोजच्या खिचडीची नोंद ऑनलाइन भरणं कशात बसतं ते तुम्हीच सांगा. कामचुकार गुरुजी नाहीत असं माझं म्हणणं नाही. पण चांगला माणूससुद्धा पाचला शाळा सोडून संध्याकाळी सातला गावात असणार नाही.

बालाघाटी, "काय शिकवायचं" याचं उत्तर: गृहपाठ घेऊ नका. सगळे तिथंच फसतात. सहावीचं पोरगं स्वाध्याय उतरवून काढतं, वही भरलेली दिसते, आईबाप खूश. त्याला मराठीची कविता म्हणायला सांगा, घडाघडा म्हणेल. मग मधल्याच एका ओळीवर बोट ठेवून "इथं काय लिहिलंय" विचारा. गप्प. नाहीतर पहिल्या ओळीपासून मनात म्हणत म्हणत तिथवर येईल. पाठांतर आहे, वाचन नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात एकेकाला बाजूला घेऊन वाचायला लावा. गावोगावच्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाची चाचणी साधी आहे. अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. लेकरू जिथं अडलं ती त्याची पातळी. मग इयत्ता विसरून जा. पातळीप्रमाणे गट करा. सहावीतलं पोरगं तिसरीच्या पोरीशेजारी बसेल, दोन दिवस लाजेल, नंतर काही वाटत नाही. गणितात तसंच: अंक ओळख, वजाबाकी, भागाकार.

ही काही माझी अक्कल नाही. 'प्रथम' संस्थेनं मुंबईच्या वस्त्यांत १९९० च्या दशकात गावातल्या-वस्तीतल्या शिकलेल्या मुलींना 'बालसखी' म्हणून कच्च्या मुलांसाठी बसवलं. मुंबई आणि वडोदऱ्यात त्याचा रीतसर अभ्यास झाला आणि मुलं खरंच पुढं सरकलेली दिसली. अभ्यास करणाऱ्यांतले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना पुढं २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, गरिबीवरच्या अशाच प्रयोगांच्या पद्धतीसाठी. तेव्हा बारावी झालेली सून काय शिकवणार म्हणून कुणी नाक मुरडलं तर हे सांगा.

उदगीरकर_सध्या_कोथरूड

खूप छान उपक्रम! आमच्या कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून) १० टॅब देता येतील, त्यात सगळा अभ्यासक्रम अ‍ॅनिमेशनसह आहे. पत्ता द्या.

बालाघाटी

दादा, मनापासून आभार. पण आमच्याकडं सिंगल फेजची लाइट संध्याकाळीच जाते, चार्जिंगवरून भांडणं होतील. आणि खरं सांगू का, ते टॅब पंधरा दिवसांत टपरीमागं रमीला बसलेले दिसतील. त्या किमतीत ताईचा हंगामभराचा पगार निघतो. तसं जमेल का?

उदगीरकर_सध्या_कोथरूड

पगार म्हटलं की आमच्याकडं नाक मुरडतात. वस्तू दिली की फोटो निघतो, तुम्ही समजू शकता. शिवाय प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे असं ऐकून आहे.

पारावरची

ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कार्यालयीन खर्चावर आहे हो. प्रत्यक्ष वर्ग घेणाऱ्या ताईचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च, तो त्यात धरत नाहीत. तुमच्या सीएसआरवाल्यांना नियम नीट वाचायला सांगा. खरी अडचण दुसरी आहे. कंपनीला पैसे द्यायचे तर संस्था नोंदणीकृत हवी, आयकराचं १२ए आणि ८०जी (करसवलतीच्या नोंदण्या) हवं, आणि २०२१ पासून सीएसआर-१ ची (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची) नोंदणीही लागते. गावातल्या पाच-सात जणांकडं यातलं काही नसणार. वर्गासाठी घाईनं संस्था काढू नका, ऑडिट आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाच्या फेऱ्यांतच हंगाम जाईल. जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या संस्थेच्या छत्राखाली चालवा, नाहीतर सरळ गावातून नोकरीला बाहेर पडलेल्यांकडून दरमहा ठरावीक रक्कम घ्या.

मी स्वतः संभाजीनगरात मुकुंदवाडीच्या बाजूला एका वस्तीत संध्याकाळचा वर्ग बघते. बाप चिकलठाण्याला नाहीतर वाळूजला कंपनीत कंत्राटी, आई चार घरची धुणीभांडी करून सातला येते. ऊसतोड नाही, पण संध्याकाळ तशीच.

मुलींचं सांगते. आमच्याकडं ठरावीक दिवशी अर्धा वर्ग रिकामा दिसायचा, तोही मुलींचाच. कार्यकर्ते म्हणायले पालक जागरूक नाहीत, पालकसभा घ्या. सभा कसली घेता? नळाला पाणी येण्याचा दिवस असायचा तो. शहरात पाणी किती दिवसांनी येतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी घरातली मोठी मुलगी हंडे, ड्रम, बादल्या सगळं भरून ठेवेपर्यंत हलू शकत नाही. आम्ही वर्गाचं वेळापत्रक पाण्याच्या पाळीला बांधलं. पाण्याच्या दिवशी मुलींचा वर्ग नाही, त्याऐवजी रविवारी सकाळी. हजेरी लगेच सुधारली.

तुमच्याकडं पाण्याच्या जागी चूल असेल. पोरी साडेपाचला येणारच नाहीत, कारण म्हातारी रानातून येईस्तोवर भाकरी टाकून ठेवायची असते. त्यांना साडेसहाला बोलवा. धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली तर येऊ द्या. कोपऱ्यात एक सतरंजी, चार ठोकळे, जुनी कॅलेंडरं आणि खडूचे तुकडे ठेवा, तो आपला रेघोट्या ओढत बसतो. "भावाला घरी ठेवून ये" म्हटलंत की तुम्ही तिला येऊ नको म्हटलंत. आणि सुटल्यावर घरापर्यंत सोडायला कोण, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं हवं.

लातूरकर७

नियमाची माहिती चांगली दिली ताई. माझा मुद्दा तरी राहतोच, पण असो.

तांड्यावरून

दादा, एक विचारतो, राग मानू नका. तुमचं समाजमंदिर गावात कुठं आहे?

आमच्या भागात (जिंतूरकडं) समाजमंदिर म्हटलं की बहुतेक ते बौद्धवाड्यात नाहीतर मातंग वस्तीत. तिथं वर्ग घेतला तर वरच्या आळीची लेकरं पहिले चार दिवस येतात, मग कुणाची तरी आजी "तिकडं कशाला" म्हणते. मारुतीच्या मंदिरात घेतला तर उलटं होतं. कुणी अडवत नाही, बोर्ड लावत नाही, पण त्या वस्तीतलं पोरगं आपोआप पायरीवर बसतं. आणि आमचा बंजाऱ्यांचा तांडा असतो दोन किलोमीटर लांब. तांड्यावरचं लेकरू साडेसातला अंधारात परत कसं जाणार? म्हणजे वर्ग "सगळ्यांसाठी" असतो आणि येतात जवळच्या दोन आळ्यांतली.

आणि पहिली-दुसरीची आमची लेकरं घरी गोरमाटी बोलतात. ताई मराठीत गोष्ट सांगते, लेकरं मान हलवतात, तिला वाटतं समजलं. तांड्यावरचीच एखादी मुलगी सोबत घ्या, निदान लहान्यांसाठी.

बालाघाटी

राग कसला. नेमकं बोललात. आमचं समाजमंदिर बौद्धवाड्यातच आहे आणि हा विचार आम्ही केला होता, पण "आता कुठं राहिलंय तसलं" म्हणून सोडून दिला. काल आशाताईला विचारलं. ती म्हणाली, "राहिलंय का नाही ते मला लसीकरणाच्या दिवशी कळतंय."

शाळेचीच खोली घ्यावी म्हणतो. चावीचं काय?

निवृत्त_गुरुजी

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. समितीत पाऊणहिस्सा पालकच असतात, त्यातले निम्मे टोळीवर जायच्या आत बैठक लावा, नाहीतर गणपूर्ती होणार नाही. ठरावात वेळ, खोली, लाइटबिल कोण भरणार आणि चावी कुणाकडं हे चारही लिहा. मुख्याध्यापकाला नुसतं तोंडी विचारलंत तर तो बिचारा नाहीच म्हणणार, उद्या काही फुटलं-तुटलं तर त्याच्याच अंगावर येतं.

तांड्यासाठी मात्र वेगळी जागा बघा. सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढचा ओटा असतो, तांड्याच्या नायक-कारभाऱ्याला (प्रमुखांना) भेटा. एका ताईऐवजी दोन, प्रत्येकीला कमी तास.

वाचणारा_गोंद्या

गावात 'ड' वर्ग (सरकारी अनुदानाचं, सगळ्यांत लहान वर्गातलं) वाचनालय असेलच ना? आमच्या गावचं फक्त तपासणीच्या दिवशी उघडतं. त्या दिवशी पेपरसुद्धा ताजा असतो. पुस्तकं कपाटात कोरी करकरीत, बालवाङ्मय तर कुणी हातच लावलेला नाही. ती तरी वर्गात आणून ठेवा, अनुदानाचं सार्थक होईल.

कोपीवरचा

मी फारसा लिहीत नाही इथं, पण हा धागा वाचून राहवलं नाही. मी ऊसतोडीतलाच. आज जालना जिल्ह्यात सरकारी नोकरीत आहे.

सगळे म्हणतात आईबापांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही म्हणून लेकरं सोबत नेतात. हिशेब बघा. उचल (आगाऊ रक्कम) मिळते कोयत्यावर. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या गड्याला अर्धा कोयता. ती उचल घरखर्चात, लग्नात, दवाखान्यात हंगामाआधीच संपलेली असते, म्हणजे फड (तोडणीचं उसाचं रान) सोडून यायची सोय नाही. आई पहाटे फडात जाणार, मग कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) तान्ह्याला कोण सांभाळणार? दहा-बारा वर्षांची बहीण. ती शाळा सोडून जाते ती अभ्यास नको म्हणून नाही, तिच्याशिवाय आईचा कोयता चालत नाही म्हणून. पाणी आणणं, पाचट पेटवून चहा ठेवणं, वाढ्याच्या (उसाच्या शेंड्यांच्या) मोळ्या बांधायला हात लावणं, सगळं तिच्याकडं.

पुढचं पण सांगतो. पोरगं सतरा-अठराचं झालं की लग्न लावून दिलं तर घरात एक पूर्ण कोयता वाढतो. सून कमी वयाची असली तरी चालते. आणि दुसरीकडं, वयात आलेली मुलगी सहा महिने म्हातारीच्या भरवशावर गावात ठेवायची भीती, फडावर उघड्या कोपीत न्यायची त्याहून भीती. म्हणून तिचं उरकून टाकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या बायकांना विचारलं, तर परभणीत ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. नुसती भाषणं करून हे हलणार नाही. गावात सहा महिने मुलगी सुखरूप राहते असं आईला दिसलं तर ती ठेवते. तुमचा वर्ग त्या भरवशासाठी आहे, वाचन-गणित त्याच्या मागून.

म्हणून माझी एकच सूचना, फोन. वर्गाचा एक साधा स्मार्टफोन ठेवा. ट्रक किंवा ट्रॅक्टर भरून झाल्यावर रात्री आठच्या सुमाराला फडावर जरा निवांत असतं. रोज पाच-सहा लेकरांचं आईशी बोलणं करून द्या, तोंड दिसू द्या. आमच्या वेळी आई पत्र पाठवायची मुकादमाच्या माणसाकडून, ते मिळेपर्यंत पाडवा यायचा. मी चौथीत असताना नोव्हेंबरात दोनदा शाळेतून पळून एसटीत बसलो होतो, तेही अभ्यासाच्या भीतीनं नव्हे.

पारावरची

दादा, हे लिहिलंत फार बरं केलंत. फोनचं आम्ही कधी मनातच आणलं नव्हतं.

बालाघाटी, एक पुस्ती. लग्न ठरल्याची कुणकुण लागली तर ताईनं एकटीनं भांडायला जाऊ नये, तिला त्याच गावात राहायचंय. चाइल्डलाइन १०९८ ला कळवायचं, नाव सांगावं लागत नाही. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो, ते त्याचं कामच आहे.

उदगीरकर_सध्या_कोथरूड

मग अशा मुलांना सरळ निवासी शाळेतच का नको? १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलं पुण्यात नेऊन शिकवली होती. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला अशाच मुलांसाठी शांतिवन आहे.

कोपीवरचा

ज्यांना घरीच कुणी नाही त्यांच्यासाठी तेच योग्य. सरकारनंही २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना काढली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० जागा. ती सगळी उद्या भरली तरी ८२०० लेकरं होतात. ऊसतोडीला जाणारी माणसं लाखांत आहेत. आणि आठ वर्षांच्या पोराला आजीपासूनही तोडून टाकायचं का? गावात राहण्यासारखं असेल तर गावात राहू द्या.

अंगणवाडीताई

एकल पालकांचं कुणी बोललंच नाही. आमच्या गावात आत्महत्या झालेली घरं आहेत, नवरा वारल्यावर एकटी बाई टोळीवर जाते तशी पण आहेत. त्या लेकरांना बालसंगोपन योजनेत महिना २२५० रुपये मिळतात, अठरा वर्षांपर्यंत. आई किंवा बाप एक गेला असला तरी चालतं. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज. आधार, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि घरापुढं उभं राहून पालकासोबत काढलेला फोटो. हा फोटो आई टोळीवर जायच्या आधी काढून ठेवा!! नंतर सगळी फाइल तेवढ्यावर अडती. मृत्यूचा दाखला तर कैक बायकांनी काढलेलाच नसतो. वर्ग सुरू केल्यावर ताईनं एक वही यासाठीच ठेवावी.

बालाघाटी

अंगणवाडीताई, फोटोचं सोन्यासारखं सांगितलं. उद्याच फिरतो. अशी चार घरं तर मला बसल्या जागी आठवतात.

खाऊचं कुणी बोललं नाही अजून. वसतिगृहाचं जेवण रात्री आठला. लेकरांनी दुपारची खिचडी खाल्लेली, साडेपाचला पोटात कावळे. आमच्यातला एक म्हणतो बिस्किटपुडे द्या, घाऊक स्वस्त पडतात.

निवृत्त_गुरुजी

बिस्किट नको. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. मूठभर दाण्यात पोट धरतं आणि ते गावातल्याच बाईकडून भाजून घेता येतं. गमतीचा भाग असा की ज्या गुळा-साखरेपायी ही सगळी वणवण, तो गूळ लेकरांच्या हातावर तेवढाच पडतो. वाटप मात्र वर्गाच्या मध्यावर करा. सुरुवातीला दिलात तर खाऊन पसार, शेवटी दिलात तर शेवटच्या दहा मिनिटांत नवी तोंडं दिसतात.

सदस्या_वॉर्ड३

मी ग्रामपंचायत सदस्य आहे (हिंगोली जिल्हा). पैशांचं सांगते. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के महिला-बालकल्याणावर आणि १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचा असतो. लहान गावात ही रक्कम काही फार नसते, घरपट्टीच भरत नाही कुणी. पण बहुतेक ठिकाणी ती मार्चमध्ये घाईघाईनं सतरंज्या-खुर्च्या घेऊन संपवतात. शिलाई मशीन हे दुसरं आवडतं. ताईचा पूर्ण पगार त्यातून निघणार नाही, पण बल्ब, बॅटरीचा दिवा, फळा, खाऊ निघू शकतो. ग्रामसभेत विषय लेखी द्या आणि नुसतं "चर्चा झाली" लिहू देऊ नका, रकमेसह ठराव लिहून घ्या. महिला ग्रामसभा आधी असते, तिथं बायकांनी मांडलं तर ग्रामसेवकाला टाळता येत नाही.

उदगीरकर_सध्या_कोथरूड

बालाघाटी, कंपनीचं राहू द्या. मी आणि माझे तीन मित्र, चौघं मिळून एका ताईचं मानधन एप्रिलअखेरपर्यंत देतो. दर महिन्याच्या पाच तारखेला. फोटो नको, पण कोणतं लेकरू कोणत्या पातळीवरून कुठं गेलं तो गुरुजींचा तक्ता पाठवाल का? व्यनि (खासगी निरोप) केलाय.

बालाघाटी

व्यनि बघितला दादा, शब्द नाहीत. तक्ता नक्की पाठवतो, पण तिथं घसरलेलं लेकरूही दिसेल, तयारी ठेवा.

सध्या ठरलंय ते असं. भाऊबीज झाली की पुढच्या सोमवारपासून शाळेच्या खोलीत. पोरींसाठी साडेसहा. तांड्यावरची एक मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बाहेरून परीक्षा देते. तिला विचारलंय, ती म्हणते बापाला विचारून सांगते. दुसऱ्या ताईचा पगार अजून सुटलेला नाही, किराणावाले आणि गावातले दोन पोलीसभाऊ यांच्याकडं जाणार आहे. वाचनाची चाचणी सुट्टी लागायच्या आत.

निवृत्त_गुरुजी

चाचणी घेताना टोळीवर जाणाऱ्या लेकरांचीही घ्या. त्यांना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मिळवून द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवून घेतात. पूर्वी साखरशाळा (कारखान्यावरच्या हंगामी शाळा) असायच्या, शिक्षण हक्क कायदा आल्यावर त्या मागं पडल्या आणि आता सगळा भरवसा या कार्डावर. कार्डाच्या मागं पेन्सिलनं पातळी लिहा: शब्द, परिच्छेद, जे असेल ते. तिकडचा गुरुजी शहाणा असला तर वाचेल.

कोपीवरचा

आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बापाकडं नको, आईकडं द्या. बापाच्या खिशातलं कागद फडात पहिल्याच दहिवरात भिजतं.

सदस्या_वॉर्ड३

बालाघाटी, ठरावाचा मसुदा व्यनित पाठवलाय. त्यात खोली क्रमांक घाला, आणि "मानधन" लिहा, "पगार" लिहू नका. पगार म्हटलं की ऑडिटवाले नेमणूक आदेश मागतात.